फॉलीला स्टराइल प्लग: कुठे लावायचा, कसा लावायचा आणि कुठे मुळीच नाही

मानेवाडा_सिस्टर

घरी लघवीची नळी असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. अंघोळीला पिशवी काढून प्लग लावू का? लग्नात दोन तास बसवायचंय, तेवढ्यापुरतं बूच मारून देता का? गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलला फॉलोअपला आणायचंय, एसटीत पिशवी कशी सांभाळू? प्लग दुकानात सहज मिळतो, दिसायला साधा असतो, त्यामुळे उत्तर 'हो'च असणार असं धरूनच लोक विचारतात. इथे जाणकार बरेच आहेत, एकाच जागी सगळं लिहून ठेवू. राहिलेलं तुम्ही भरा.

आधी वस्तू. प्लग किंवा स्पिगॉट म्हणजे निमुळता, बहुतेक वेळा पायऱ्या-पायऱ्यांचा प्लॅस्टिकचा तुकडा, मागे धरायला चपटी पकड. एकेक सुटा, सीलबंद पाकिटात, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेला. काही पाकिटांत त्याच्यासोबत एक टोपी येते. ती युरोबॅगच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, नळीच्या टोकावर घालायची असते. बहुतेक घरांत ती पाकिटासोबतच कचऱ्यात जाते, आणि मग पिशवीची नळी तासभर उशीवर, चादरीवर लोळत पडते. प्लग निर्जंतुक आणि नळीचं टोक उशीवर, तर मग प्लगचे पैसे कशाला घालवले?

आता फॉली, म्हणजे आतल्या फुग्याने मूत्राशयात टिकून राहणारी लघवीची नळी (कॅथेटर). साध्या फॉलीच्या बाहेरच्या टोकाला दोन फाटे असतात. रुंद फनेल, तिथून लघवी येते. दुसरा बारीक फाटा फुग्याचा, त्यावर रंगीत व्हॉल्व्ह आणि छापलेले आकडे. नळीची जाडी एफआरमध्ये (फ्रेंच मापात): १४ एफआर हिरवा, १६ केशरी, १८ लाल, आणि फुग्यात किती मिली पाणी तेही. फुग्याच्या फाट्याला प्लग लागत नाही, तिथे व्हॉल्व्ह आतच असतो. तिथे काही खुपसायला गेलात तर पाणी निघून फुगा बसेल आणि नळी सरकून बाहेर येईल.

मुद्दा एकच. मूत्राशय, नळी आणि पिशवी मिळून बंद वाट असते. १९६६ साली कुनिन आणि मॅकॉरमॅक यांनी बंद निचऱ्याने संसर्ग लांबतो हे दाखवलं, तेव्हापासून हे कॅथेटरच्या देखभालीचं पहिलं सूत्र आहे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २००९ची मार्गदर्शक सूचनाही तेच सांगते: बंद वाट बंदच ठेवा, जोड सुटला किंवा गळला तर नळी आणि पिशवी दोन्ही निर्जंतुक पद्धतीने बदला. प्लग लावायचा म्हणजे हा जोड मुद्दाम उघडायचा, आणि काढताना पुन्हा उघडायचा. एका वापरात दोनदा. नळी आत असेल तर तशीही रोज साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत जंतू येऊ लागतात. त्यात आपण आणखी दारं उघडायची का, हा विचार आधी करा.

युरो_ओटी

सिस्टर, सुरुवात चांगली केली. प्लगची खरी जागा कोणती तेही लिहून टाकू, नाहीतर वाचून लोक म्हणतील की मग ही वस्तू बनवतात तरी कशाला.

सगळ्यात बिनतक्रार जागा तीन फाट्यांच्या फॉलीची. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर किंवा लघवीतून रक्त येत असताना सलाइनने मूत्राशय धुत ठेवतात. एक फाटा लघवीचा, एक फुग्याचा, तिसरा धुण्याचं सलाइन आत नेणारा. धुणं थांबलं की तिसरा फाटा मोकळा सोडता येत नाही, कारण त्याची पोकळीही मूत्राशयातच उघडते आणि तिथून लघवी ठिबकते. तिथे स्टराइल स्पिगॉट. लघवी पिशवीत वाहतच राहते, काही तुंबत नाही, पेशंटला कळतही नाही. या फॉलीचा फुगा बहुधा ३० मिलीचा असतो. व्हॉल्व्हवरचा आकडा वाचल्याशिवाय पाणी काढा-भरायचं नाही.

दुसरी जागा: मूत्राशयात औषध सोडून ते १ ते २ तास आत ठेवायचं असतं तेव्हा. मूत्राशयाच्या कॅन्सरचं बीसीजी किंवा केमोचं औषध असेल तर ते युनिटमध्येच होतं, घरी नाही. प्लग काढताना औषध उडतं, त्यामुळे हातमोजे, चष्मा, ॲप्रन.

तिसरी: पोटातून टाकलेली सुप्राप्युबिक नळी काढण्याआधीची चाचणी. ती बंद करून पेशंटला नैसर्गिक वाटेने लघवी होते का पाहायचं, मग नळी उघडून मागे किती उरली ते मोजायचं. इथेही माझी पसंती कॅथेटर व्हॉल्व्हला, म्हणजे फनेलमध्ये बसवायच्या उघड-बंद तोटीला, पण प्लगनेही होतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. लघवी थोडा वेळ फक्त थांबवायची असेल, उदाहरणार्थ सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरायचंय, तर जोड उघडायची गरजच नाही. युरोबॅगच्या नळीवर सरकती क्लिप असते ती दाबा. झालं काम. क्लिप नसेल तर नळी दुमडून पकडा. मात्र हे सगळं पिशवीच्या नळीवर, कॅथेटरवर नाही.

वर्धा_रोड

कॅथेटरवर आर्टरी फोर्सेप (दातेरी चिमटा) काहून नाही लावायचा ते पण लिहा ना जी. वॉर्डात सर्रास लावतात.

युरो_ओटी

फुग्याची बारीक वाट कॅथेटरच्या भिंतीतूनच जाते. दातेरी फोर्सेपने भिंत चेपली की ती वाट चिकटते किंवा चिरते. मग नळी काढायच्या दिवशी फुग्याचं पाणी येत नाही आणि पेशंटला विनाकारण ओटीत न्यावं लागतं. कॅथेटर दुमडून रबरबँड बांधण्याचा जो घरगुती प्रकार आहे त्यातही हेच होतं, शिवाय दुमडलेल्या ठिकाणी लॅटेक्सला भेग पडते. जोड उघडण्याच्या काही सेकंदांपुरतं कॅथेटर बोटांच्या चिमटीत धरलं तर चालतं. तेवढंच.

मानेवाडा_सिस्टर

आता लावायची पद्धत. डॉक्टरांनी लावा म्हटलंय आणि वर सांगितल्यापैकी कारण आहे, असं धरून.

सामान एकाच ट्रेवर मांडा: सीलबंद प्लग २, त्यातला एक हातून पडला तर म्हणून. नळीची टोपी, प्लगच्या पाकिटात नसेल तर वेगळी. ७० टक्के अल्कोहोलचे स्वॅब ४. स्टराइल हातमोजे. खाली घालायला पॅड. लघवीचं भांडं. सीलबंद नवी युरोबॅग. ही नवी बॅग लोक मांडत नाहीत, पण प्लग काढल्यावर लावायला हीच लागते.

आधी पिशवी रिकामी करा आणि आकडा लिहा. पिशवीची क्लिप लावा. साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा, पुसा. प्लगचं पाकीट सोलून उघडा पण प्लग त्यातच राहू द्या. टोपीचंही तसंच. मोजे घाला. जोड अल्कोहोलने घासून पुसा, १५ सेकंद तरी, वरवर फिरवून नाही. मग ३० सेकंद सुकू द्या. ओल्या अल्कोहोलवर जोड उघडला तर जंतू मेलेले नसतात आणि प्लगही घसरतो. कॅथेटर फनेलच्या वर चिमटीत धरा, नळी पिळत-पिळत सोडवा. सरळ ओढलं तर ओढ आत फुग्यापर्यंत जाते आणि पेशंट ओरडतो. नळीच्या टोकावर लगेच टोपी. प्लग मागच्या पकडीने धरून फनेलमध्ये हलका पीळ देत बसवा, निमुळत्या भागाला बोट लागता कामा नये. घट्ट बसला की चिमटी सोडा, अर्धा मिनिट पाहा, थेंब दिसतो का.

मग कॅथेटर मांडीला चिकटवा, थोडी ढील ठेवून. आणि वेळ लिहा: कॅथेटरवरच्या पट्टीवर, शिवाय भिंतीवरच्या कागदावर. प्लगमध्ये जे काही बिघडतं त्यातलं निम्मं 'कधी लावला होता?' या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे बिघडतं. पिशवी लटकलेली दिसते, नजर आपोआप जाते. प्लग चादरीखाली दिसतच नाही.

काढताना तीच पायरी. जोड पुसा, सुकवा, प्लग पिळत काढा, आणि नवी युरोबॅग जोडा. लघवी पूर्ण उतरू द्या, किती मिली आली ते लिहा. काढलेला प्लग टाकून द्यायचा. उकळून नाही, स्पिरिटमध्ये बुडवून नाही, 'आपल्याच पेशंटचा आहे' म्हणूनही नाही.

गणेशपेठ_फार्मा

काउंटरच्या बाजूने काही गोष्टी.

'प्लग द्या' एवढंच म्हटलं तर काहीही हातात पडू शकतं. 'फॉली कॅथेटरसाठी स्टराइल स्पिगॉट, सोबत टोपी' असं सांगा. पाकिटावर तीन गोष्टी बघा: मुदतीची तारीख, निर्जंतुक केल्याचं चिन्ह, आणि दोनच्या आकड्यावर काट मारलेलं चिन्ह, म्हणजे एकदाच वापरायची वस्तू. पाकिटाची शिवण सुटलेली, कागद ओला होऊन सुकलेला, भोक पडलेलं, तर परत करा. दवा बाजारातून ठोकात घेतलेली पाकिटं स्कूटरच्या डिकीत मे महिन्यात दिवसभर ठेवू नका. चिकटवलेली शिवण उन्हात सैल पडते.

पायऱ्यांचा निमुळता प्लग १२ ते २४ एफआरच्या बहुतेक फॉलींना बसतो, कारण नळी बारीक असो की जाड, फनेल जवळपास सारखंच असतं. म्हणजे १६ची नळी आहे म्हणून '१६चा प्लग' शोधत फिरायची गरज नसते.

आता पर्यायाच्या नावाखाली जे वापरतात त्याबद्दल. सुईचं टोपण: गुळगुळीत, सैल, खोकला आला की निसटतं, आणि बारीक असेल तर फनेलच्या आत जाऊन अडकतं. सिरिंजचा दट्ट्या: सिलिकॉन तेल लावलेला असतो, घसरतो. सिरिंजच अडकवून ठेवणे: तिच्या वजनाने फनेल खाली ओढलं जातं. सलाइनच्या सेटचं टोपण: उघडल्यावर निर्जंतुक राहिलेलं नसतं. यातलं काहीच नको.

आणि कृपा करून प्लग सहज जावा म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नका. लॅटेक्स तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. फनेल त्याच जागी फाटतं.

गडचिरोली_रोड

मूळ धाग्यातला एसटीचा प्रश्न आमच्याकडे नेहमीचा आहे. गडचिरोली ते नागपूर चार तास धरा, मध्ये एखादा थांबा. मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसतात. प्लग नको तर करायचं काय?

मानेवाडा_सिस्टर

भाऊ, मांडीवर पिशवी हे तर प्लगपेक्षाही वाईट. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी मागे फिरते. पिशवीला झडप असते, पण नळीत साचलेल्या लघवीला ती अडवत नाही. ऑटोत बसताना नेमकं हेच होतं: पेशंट आधी चढतो, पिशवी वरून त्याच्या हातात देतात.

प्रवासाला लेग बॅग घ्या. ५०० किंवा ७५० मिलीची, मांडीला किंवा पोटरीला पट्ट्यांनी बांधायची, पायजम्यात किंवा लुगड्यात दिसत नाही. खाली तोटी असते, अर्धी ते दोनतृतीयांश भरली की तोटी उघडून रिकामी करायची. जोडाला हात लागत नाही. पाय सुजलेले असतील तर पट्टी सैल, दोन बोटं आत जातील इतकी. बांधण्याआधी पेशंटला बसवून आणि उभं करून पाहा, कॅथेटर ताणलं जातंय का.

गाडी निघण्याआधी लेग बॅग जोडली, की रात्री ती काढून मोठी बॅग लावायची असं करू नका. मोठ्या बॅगची नळी लेग बॅगच्या खालच्या तोटीला जोडा आणि तोटी उघडी ठेवा. सकाळी मोठी बॅग खालून सुटी करा. कॅथेटरचा जोड आठवडाभर तसाच राहतो.

अंघोळीचंही असंच. अंघोळीला प्लग लागतच नाही. पिशवी रिकामी करा, मोरीत खुर्चीच्या दांडीला खाली लटकवा, जमिनीला टेकू देऊ नका, आणि मगाने पाणी घ्या. बाहेर दिसणारी नळी साबण-पाण्याने शरीरापासून दूर, अशा दिशेने पुसा. टबात बुडायचं नाही, पण तो प्रश्न आपल्याकडे फारसा येत नाही.

कोराडी_फिजिओ

सिस्टर, तत्त्व मान्य, पण एका ठिकाणी मी प्लगच्या बाजूने आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटला वॉकरवर पहिल्यांदा उभं करताना दोन लिटरची पिशवी लटकत असेल तर तिच्यात पाय अडकतो. वीस मिनिटांच्या चालीसाठी प्लग लावला तर काय बिघडतं? पडण्याचा धोका जास्त मोठा.

मानेवाडा_सिस्टर

पडण्याचा धोका मोठा हे शंभर टक्के. पण पिशवी रिकामी करून वॉकरच्या आडव्या दांडीला एस हुकने लावा, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे मूत्राशयाच्या खालीच राहते. नळीचा लोंबता भाग मांडीला एका पट्टीने. तसंही जमत नसेल तर लेग बॅग. दिवसातून दोनदा फिजिओ असेल तर प्लगच्या हिशेबाने जोड चार वेळा उघडेल, आठवड्यात २८ वेळा. एवढ्या वेळा उघडायचंच असेल तर ते प्लगचं काम नाही, व्हॉल्व्हचं आहे.

कोराडी_फिजिओ

वॉकरच्या दांडीचं पटलं. पण सगळ्या वॉकरना खालची आडवी दांडी नसते, घडीच्या वॉकरला तर बहुतेक नसतेच. तिथे लेग बॅगच लिहून देत जाईन.

युरो_ओटी

व्हॉल्व्हबद्दल नीट लिहायला हवं, कारण लोकांना प्लगमधून जे हवं असतं ते खरं म्हणजे व्हॉल्व्ह देतो.

कॅथेटर व्हॉल्व्ह म्हणजे फनेलमध्ये बसवायची छोटी तोटी, खटका फिरवला की उघडते. एकदा निर्जंतुक पद्धतीने बसवली की ५ ते ७ दिवस तिथेच राहते, नेमके दिवस कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. दर ३-४ तासांनी पेशंट संडासात जाऊन खटका उघडतो, लघवी उतरते, बंद करतो. जोड उघडत नाही. रात्री व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला मोठी बॅग जोडून खटका उघडा ठेवायचा. सगळ्या दुकानांत तयार नसतो, आधी सांगून मागवावा लागतो.

पण व्हॉल्व्ह असो की प्लग, मूत्राशय भरून ठेवायचंच असतं. म्हणून दोन्हींना मनाई सारखीच. मूत्राशयात लघवी थोपली तर किडनीकडे दाब जातो असे पेशंट: सोनोग्राफीत किडनी फुगलेली, लघवी उलट चढत असलेली, जुन्या तुंबलेल्या लघवीमुळे क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्राशयाचं किंवा आसपासचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, टाके ताजे. लघवीतून रक्ताच्या गाठी जात असलेले. ताप, थंडी, लघवीचा संसर्ग चालू असलेला. मूत्राशय इतकं आकसलेलं की शंभर-दीडशे मिलीतच कळ येते. आणि ज्याला भरल्याचं कळत नाही किंवा सांगता येत नाही, विसरभोळेपण आहे, त्याच्यासाठी घड्याळ बघणारं माणूस सतत जवळ नसेल तर नाहीच.

मिहान_रिहॅब

यात मणक्याच्या दुखापतीचा मुद्दा जोडतो, तो जिवावर बेतणारा आहे.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या, टी ६ च्या, पातळीला किंवा वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय हे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचं सगळ्यात नेहमीचं कारण. पेशंटला खाली कळत नाही, पण रक्तदाब एकाएकी चढतो. वरचा आकडा नेहमीपेक्षा २० ते ४० ने वर गेला तरी लक्षण समजायचं, आणि या लोकांचा नेहमीचा दाब ९०-१०० असतो, त्यामुळे १४० वाचून 'नॉर्मल आहे' म्हणू नका. डोकं ठणकतं, चेहरा-मान लाल, इजेच्या वर घाम, नाक चोंदतं, नाडी मंद होते.

प्लग लावलेला असेल तर पहिलं काम प्लग काढणे. हातमोजे शोधत बसू नका. पेशंटला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-बटणं-पायमोजे सैल करा, नळीला पीळ पडलाय का बघा. लघवी उतरल्यावर काही मिनिटांत दाब खाली यायला हवा. नाही आला तर थेट इमर्जन्सीला, आणि तिथे पहिल्याच वाक्यात मणक्याची पातळी सांगा. अशा पेशंटला सोयीसाठी प्लग कधीच नाही.

वर्धा_रोड

किती वेळ, याचा हिशेब कोणी मांडला नाही अजून. तीन तास, चार तास, सगळे आपलं सांगून राहिले.

युरो_ओटी

घ्या हिशेब. लघवी साधारण एक किलो वजनामागे तासाला १ मिली धरा. ६० किलोचा माणूस, तासाला ६० मिली, ४ तासांत २४०. मजेत. तोच माणूस लिंबूपाणी-मठ्ठा पीत असेल आणि दीड मिलीने होत असेल तर ४ तासांत ३६०. तरी ठीक. मूत्राशयात साठू द्यायची आपली कमाल रेषा ४०० ते ५०० मिली. म्हणून ३ ते ४ तास.

आता हा हिशेब कुठे मोडतो ते बघा. सकाळी फ्युरोसेमाइडची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी घेतली असेल तर तासा-दोन तासांतच अर्धा लिटर येऊ शकतं, आणि गोळीचा जोर सहा तास राहतो. तेवढ्यात प्लग नाही. सलाइन चालू असेल, साखर चढलेली असेल, तरी नाही. पहिल्या वेळी घड्याळ दोन तासांचं लावा, उतरलेली लघवी मोजा, आणि मग वाढवा. ५०० च्या वर निघाली की पुढचा वेळ कमी करा.

आपल्याकडच्या मे महिन्यात उलटंही होतं. ४५ डिग्रीत घामावाटे पाणी जातं, लघवी कमी आणि गडद होते, आणि 'चार तासांत शंभरच मिली आली' म्हणून लोक नळी अडकली समजून धावपळ करतात. आधी पाणी किती प्यायलं ते विचारा. किडनी-हृदयाचं बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर लघवी व्हायला हवी, त्या मानाने पाणी.

गणेशपेठ_फार्मा

उन्हाळ्याचं आणखी एक: घामाने साधी कागदी पट्टी दोन तासांत सुटते आणि कॅथेटर लोंबायला लागतं. प्लग लावलेलं फनेल जड नसलं तरी चालताना मांडीला आपटतं, ओढ बसते. मांडीची जागा साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करून, केस असतील तर कातरून, कापडी ताणाची पट्टी लावा किंवा कॅथेटर बांधायचा तयार पट्टा घ्या. पावडर टाकून वर पट्टी चिकटवू नका, चिकटत नाही.

उमरेड_नाका

नळी काढायच्या आधी दोन दिवस 'ब्लॅडर ट्रेनिंग' म्हणून दर दोन तासांनी प्लग लावा-काढा करायला सांगतात. नळी काढल्यावर लघवी नीट व्हावी म्हणून. त्याचं काय?

युरो_ओटी

थोड्या दिवसांची नळी असेल तर गरज नाही. सीडीसीच्या त्याच २००९ च्या सूचनेत काढण्याआधी क्लॅम्प करणं, म्हणजे नळी मधूनमधून बंद ठेवणं, आवश्यक नाही असं स्पष्ट लिहिलंय. त्याने काही फायदा दिसत नाही, उलट जोडाची उघडझाप आणि विसरलेला क्लॅम्प हे दोन धोके वाढतात. नळी सकाळी लवकर काढा, पाणी नेहमीसारखं प्यायला द्या, ४ ते ६ तासांत लघवी होते का बघा, मागे किती उरते ते सोनोग्राफीत पाहा. महिनोन्महिने नळी असलेल्या किंवा मज्जासंस्थेच्या पेशंटचं वेगळं, तिथे युरोलॉजिस्ट सांगतील तसं. ते सांगतील तेव्हाही विचारा, 'व्हॉल्व्हने करू का?'

मानेवाडा_सिस्टर

काय बिघडतं आणि त्या वेळी काय करायचं, हे एका जागी हवंच.

प्लग लावलेला असताना नळीच्या बाजूने लघवी झिरपते: मूत्राशय भरलंय किंवा आखडतंय. प्लग काढा, वाहू द्या. जाड नळी टाकून हे थांबत नाही, उलट कळ वाढते.

प्लग काढला आणि काहीच आलं नाही: आधी पीळ, मग पेशंट नळीवर झोपलाय का, मग कूस बदला. मग संडास किती दिवसांत झाली ते विचारा, कडक मळ मागून दाबतो आणि नळी बंद झाल्यासारखी वाटते. पोटात फुगीर, दुखरं मूत्राशय लागत असेल तर थांबू नका, नळी अडकलीय. घरी सिरिंजने जोरात पाणी मारू नका. वारंवार अडकत असेल आणि काढलेल्या नळीच्या टोकाला खडूसारखा थर दिसत असेल तर ते प्रोटियससारख्या जंतूंचं काम, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार बसतात. अशा नळीला प्लग लावून लघवी साठवणं म्हणजे थराला आणखी वेळ देणं. सिलिकॉनची नळी १२ आठवडे चालते म्हणतात, पण थर धरणाऱ्या पेशंटचं वेळापत्रक त्याच्या थरावरून ठरवावं लागतं.

प्लग आपोआप निसटला: तोच परत घालू नका. जोड पुसा, नवी बॅग लावा, डॉक्टरांना कळवा. चादरीवर किती वेळ उघडं होतं माहीत नसेल तर नळीसकट बदलायची वेळ येते, आणि ते त्यांनी ठरवायचं.

प्लग निघतच नाही: लॅटेक्सचं फनेल आणि प्लग चिकटतात. पक्कड लावू नका. फनेल बोटांनी बाहेरून चोळा, दोन्ही दिशांना पीळ द्या. तरी नाही निघाला तर फनेल कापायची कल्पना मनातसुद्धा आणू नका. दोन फाटे जिथे मिळतात तिथे कात्री लागली की फुग्याची वाट गेली. दवाखान्यात न्या.

लघवीचा वास आला, गढूळ दिसली म्हणून लगेच प्रतिजैविक सुरू करायचं नाही. नळी असलेल्याच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप, थंडी, कंबरेत दुखणं, गुंगी, यांपैकी काही असेल तर तपासणी. आणि नमुना प्लग काढून भांड्यात धरायचा नाही. बॅगच्या नळीवर नमुन्याची जागा असेल तिथून सिरिंजने, नाहीतर नवी नळी टाकताना तिच्यातून. पिशवीतला तर कधीच नाही.

उमरेड_नाका

वापरलेले प्लग आणि बॅगा कचऱ्यात कशा टाकायच्या? दवाखान्यात लाल पिशवी असते.

गणेशपेठ_फार्मा

दवाखान्यात लालच. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कॅथेटर, युरोबॅग, नळ्या, हातमोजे सगळे लाल गटात, प्लगही त्यांच्यासोबत. बॅग आधी रिकामी केलेली हवी. घरी लघवी संडासात ओता, बॅग आणि प्लग कागदात गुंडाळून वर खूण करा आणि डायपर-पॅड्ससारख्या सॅनिटरी कचऱ्यासोबत वेगळं द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका. होम नर्सिंगवाले येत असतील तर तेच घेऊन जातील का हे पहिल्या दिवशी विचारून घ्या.

वर्धा_रोड

शेवटचं एक, सिस्टर. रात्री झोपताना प्लग लावून ठेवला आणि सकाळी काढला, तर?

मानेवाडा_सिस्टर

नाही. आठ तासांत पाचशेच्या वर सहज जातं आणि झोपेत कळ कळत नाही. रात्री पिशवी, खाटेच्या दांडीला, जमिनीपासून वर. कुलरच्या टाकीशेजारी लटकवू नका, तिथे सतत ओल असते.